नील स्लोन यांचा फावल्या वेळचा उद्योग

शोधपेटीत १, २, ५, १४, ४२ एवढे आकडे टाका. क्षणात उत्तर येतं: कॅटलन संख्या, नोंद क्रमांक ए०००१०८. पुढची पदं, सूत्रं, संदर्भग्रंथ, संगणकावर काढायच्या रीती, सगळं एका पानावर. पान दिसायला अगदी साधं, जाहिरात एकही नाही. ओईआयएस डॉट ऑर्ग हा पूर्णांकांच्या क्रमिकांचा ज्ञानकोश. त्यात आज साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत आणि हजारो शोधनिबंधांत त्याचा हवाला दिलेला असतो. हा पसारा कितीतरी वर्षं एका माणसानं नोकरी सांभाळून चालवला.

नील स्लोन १९६४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी करत होते. झाडासारख्या फांद्या फुटणाऱ्या आकृत्यांचा हिशेब मांडताना त्यांच्यासमोर १, ८, ७८, ९४४ अशी क्रमिका आली. ती कशी वाढत जाते हे त्यांना हवं होतं. पुस्तकं चाळली, पण मिळेना. तेव्हा दिसेल ती क्रमिका कार्डावर उतरवून ठेवायची सवय त्यांनी लावून घेतली. पुढे पंचकार्डं आली. खरी युक्ती मात्र मांडणीत होती. क्रमिका विषयवार न लावता त्यांनी आकड्यांच्या क्रमानं लावल्या, शब्दकोशात शब्द लावतात तशा. त्यामुळे विषयाचं नाव ठाऊक नसलं तरी चार आकडे हाताशी असले की शोध लागू शकतो.

१९७३ मध्ये २,३७२ क्रमिकांचं पुस्तक निघालं आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. कुणी चूक दाखवी, कुणी नवी क्रमिका धाडी. तोवर स्लोन बेल लॅब्जमध्ये होते. तिथलं त्यांचं मुख्य काम संदेशातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांवरचं, आणि त्या विषयात ते मोठं नाव. क्रमिका हा जोडधंदाच, तोही बिनपैशाचा. १९९४ मध्ये त्यांनी ईमेलसेवा सुरू केली: ‘लुकअप’ लिहून पुढे आकडे टाकायचे, यंत्र उत्तर पाठवी. पुढच्या वर्षी सायमन प्लूफ यांच्यासोबत दुसरं पुस्तक आलं, साडेपाच हजारांच्या आसपास क्रमिकांचं. संग्रह दहा हजारांवर गेला तेव्हा, १९९६ मध्ये, छापील कागदाचा नाद सोडून त्यांनी वेबसाइट केली.

या कोशात आपले द. रा. कापरेकरही भेटतात. देवळालीच्या शाळेतले हे मास्तर, त्यांचंही गणित शाळा सुटल्यावरचं. पुस्तिका स्वतःच छापून घेत. ए००६८८६ या नोंदीत कापरेकर संख्या आहेत: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. ए००२४७७ वर १, १२१, १२३२१ या ‘डेमलो’ संख्या. डेमलो म्हणजे जुन्या जीआयपी रेल्वेवरचं आपलं डोंबिवली. या संख्यांची कल्पना मास्तरांना त्याच स्टेशनात सुचली. रोज त्या फलाटावर धक्के खाणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

एकट्यानं वेबसाइट उभारणं हा आता पराक्रम राहिलेला नाही. डोमेन घ्या, होस्टिंगचे पैसे भरा, दोन शनिवार-रविवार खर्ची घाला. घाम फुटतो तो पुढे, लोक येऊ लागल्यावर. काय घ्यायचं, काय परत पाठवायचं, दुरुस्ती कुणाची खरी, हे यंत्र ठरवत नाही. स्लोन यांचा हात सढळ होता. न्यूयॉर्कच्या एक नंबरच्या भुयारी गाडीचे थांबे, १४, १८, २३, २८, ही क्रमिकाही कोशात आहे. नोंदींना ‘नाइस’, ‘हार्ड’, अगदी ‘डंब’ असेही शेरे मारलेले असतात. शंभर टक्के गंभीर संपादक असता तर या कोशाची गोडीच गेली असती, असं मला वाटतं.

पण सढळ हाताची किंमत वेळेत मोजावी लागते. २००२ मध्ये मदतीला संपादकांचं मंडळ आलं. २००४ मध्ये एक लाखावी नोंद झाली. त्या मानाच्या क्रमांकावर काँगोत सापडलेल्या, हजारो वर्षं जुन्या इशांगो हाडावरच्या खाचांचे आकडे बसवले. तरीही शेवटचा हात बहुतेक वेळा स्लोन यांचाच फिरत असे.

२००९ मध्ये त्यांनी कोशाची मालकी एका ना-नफा प्रतिष्ठानकडे सोपवली आणि पुढच्या वर्षी साइट स्लोन नोकरी करत त्या कंपनीच्या पत्त्यावरून स्वतःच्या पत्त्यावर आली. आता कुणीही नाव नोंदवून क्रमिका पाठवू शकतो. मसुद्यावर स्वयंसेवक संपादक उघडपणे चर्चा करतात, शंका काढतात, प्रसंगी नाकारतात. खर्च देणग्यांवर चालतो. स्लोन २०१२ मध्ये नोकरीतून निवृत्त झाले. क्रमिकांतून मात्र नाही.