दाढेच्या मुळाला भोक पडलं, तर बुजवायचं कशानं?

आत्याचं रूट कॅनाल चालू होतं. डॉक्टर मध्येच थांबले आणि म्हणाले, "मुळाला आतून भोक पडलंय. बुजवून बघू या." घरी आल्यावर आत्याचा एकच प्रश्न, "बुजवतात कशानं गं? आणि ते टिकतं का?" वाचून मला जे समजलं, ते इथे मांडते.

दाताच्या मुळात बारीक नळ्या असतात. त्या वाकड्या असतात, कधीकधी क्षारांनी बुजलेल्याही असतात. त्या शोधताना हत्यार वाट चुकलं की मुळाची भिंत फुटते. कीड खोल गेली किंवा मूळ आतून झिजलं, तरीही असं होतं. मग आतले जंतू थेट भोवतालच्या हाडाशी पोहोचतात, हाड झिजतं आणि शेवटी दात काढावा लागतो. म्हणून भोक लवकर आणि घट्ट बुजवणं महत्त्वाचं.

अडचण अशी की ही जागा ओली असते. रक्त पाझरत राहतं. पूर्वी तिथे अमाल्गम, म्हणजे आपण 'चांदी' म्हणतो ती भरत. ती मजबूत खरी, पण दाताला चिकटत नाही. कडेनं फट राहते. ग्लास आयोनोमर दाताला चिकटतं, पण घट्ट होत असताना त्याला ओल सोसत नाही.

1993 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी नवा पदार्थ पुढे आणला: मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट, थोडक्यात एमटीए. त्याचा मुख्य भाग म्हणजे चक्क पोर्टलंड सिमेंट! सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच लागतं, त्यामुळे इथली ओल अडचण न राहता उपयोगी पडते. शिवाय एमटीए अल्कधर्मी असतं. ते जंतूंना मानवत नाही, पण भोवतालच्या पेशी त्याला सामावून घेतात. मात्र बांधकामाचं सिमेंट दातात चालत नाही बरं का! त्यात नको ते धातू असू शकतात आणि एक्स-रेमध्ये ते नीट दिसत नाही. एमटीएमध्ये त्यासाठी बिस्मथ ऑक्साइड घालतात.

एमटीएचे तोटेही आहेत. ते ओल्या वाळूसारखं, हाताळायला अवघड. घट्ट व्हायला जवळजवळ पावणेतीन तास घेतं. बिस्मथमुळे दात काळपटतो, आणि किंमतही जास्त. नंतर आलेलं बायोडेंटीन साधारण 12 मिनिटांत घट्ट होतं, कारण त्याच्या द्रवात कॅल्शियम क्लोराइड असतं. बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड असल्यानं दाताचा रंगही फारसा बिघडत नाही. फक्त एक्स-रेमध्ये ते एमटीएइतकं ठळक दिसत नाही.

मग बायोडेंटीनच सर्वात चांगलं का? तसं सरसकट म्हणता येत नाही. भोक हाडाच्या आत असेल, तर एमटीए किंवा बायोडेंटीन. पण ते हिरडीच्या वर, तोंडात उघडं असेल, तर लाळेनं एमटीए धुपतं; तिथे ग्लास आयोनोमर किंवा कॉम्पोझिटच बरं. भोक हिरडीच्या खाचेजवळ असेल, तर मात्र कोणताही पदार्थ वापरा, यशाची खात्री कमीच.

म्हणून डॉक्टरांना पदार्थाचं नाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: भोक कुठे आहे, केवढं आहे आणि किती दिवसांचं आहे? आत्याचं भोक लहान होतं, मुळाच्या मधल्या भागात होतं आणि त्याच दिवशी बुजवलं गेलं. सहा महिन्यांनी एक्स-रे काढायचाय. तोवर आत्या दुसऱ्या बाजूनं चकल्या खातेय!