विलंबाची किंमत कोणी मोजायची?

पाठदुखीने आयुष्यात कधीच गाठले नाही, असा माणूस विरळा. दिवसभर बसून काम करणाऱ्या कारकुनापासून ओझी वाहणाऱ्या हमालापर्यंत साऱ्यांनाच तिचा परिचय असतो, आणि बहुतेकांची पाठदुखी साध्या उपचाराने काही आठवड्यांत बरी होते. डॉक्टरही तिच्याकडे फारशा चिंतेने पाहत नाहीत, यात नवल नाही. तथापि या नित्याच्या दुखण्याआडून क्वचित असा एक विकार येतो की, त्याच्या बाबतीत तासांचा हिशेब ठेवावा लागतो.

मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो. तेथून खाली उतरणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याला, तो घोड्याच्या शेपटासारखा दिसतो म्हणून, वैद्यकात ‘कॉडा इक्विना’ असे नाव आहे. मूत्राशय, गुदद्वार व जननेंद्रिये यांचे नियंत्रण या तंतूंकडे असते. मणक्यांमधील चकती सरकून त्यांवर मोठा दाब आला की दोन्ही पायांत कळा येतात, बैठकीची जागा बधिर होते, लघवी तुंबते. एमआरआय तपासणीने निदान होते आणि तातडीच्या शस्त्रक्रियेने दाब दूर करता येतो. लघवीवरचा ताबा पूर्णपणे जाण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर रुग्ण सावरण्याची आशा बरीच असते. त्यानंतर ती घटत जाते. निदान चुकल्यास ऐन उमेदीतल्या कर्त्या माणसाला उरलेले आयुष्य मूत्रनळीच्या आधाराने काढावे लागते.

अशा रुग्णाला भरपाई मागता येते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पहिली, डॉक्टरने कर्तव्यात कसूर केली. इंग्लंडमधील १९५७ च्या बोलम खटल्यात ठरलेली कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात स्वीकारली. तीनुसार सर्वसाधारण कुशल डॉक्टरने जेवढी दक्षता घेतली असती, तेवढीच अपेक्षित आहे. साहजिकच प्रत्येक चुकलेले निदान हा अपराध ठरत नाही. परंतु लघवी तुंबल्याची तक्रार ऐकूनही रुग्णाला न तपासता वेदनाशामक गोळ्या देऊन घरी पाठवणे, याचे समर्थन करणे कठीण आहे. दुसरी गोष्ट अधिक अवघड: निदान वेळेवर झाले असते तर हे नुकसान टळले असते काय? तंतूंची हानी रुग्णालयात येण्यापूर्वीच पूर्ण झाली असेल, तर विलंब दोषास्पद असूनही भरपाईचा पाया ढासळतो. म्हणूनच कोणती तक्रार किती वाजता केली, तपासणी केव्हा झाली, या केसपेपरवरील नोंदी निर्णायक ठरतात. रुग्णाने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत दिली पाहिजेत, असे २००२ चे वैद्यकीय आचारनियम सांगतात. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची असल्यामुळे हा अधिकार वेळीच वापरणे हिताचे.

भरपाई म्हणजे दया नव्हे. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटच्या खटल्यात, शस्त्रक्रियेतील निष्काळजीपणामुळे कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या एका तरुणाला सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एक कोटी रुपये व त्यावर व्याज मंजूर केले. तेथे प्रश्न निदानाच्या विलंबाचा नव्हता. पण पाठीचा कणा निकामी झाल्यावर जन्मभर लागणारी शुश्रूषा, औषधे, मदतनीस आणि बुडालेली कमाई यांची किंमत केवढी असते, हे त्या निकालाने दाखवून दिले. तो खर्च भरपाई न मिळाल्याने नाहीसा होत नाही. तो पत्नीच्या सुटलेल्या नोकरीतून आणि मुलांच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणातून वसूल होतो.

येथेच व्यवस्थेतील विषमता उघडी पडते. १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. परंतु जेथे सर्वच रुग्णांवर मोफत उपचार होतात, ती रुग्णालये वगळली गेली. तेथील रुग्णाला दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता उरतो. १९९२ साली आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, हे ऐतिहासिकच. पण भरपाई मिळाली ती २५ हजार रुपये.

भरपाईच्या धास्तीने डॉक्टर प्रत्येक पाठदुखीला एमआरआय सांगतील, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु प्रत्येकाची तपासणी कोणीच मागत नाही. लघवीविषयी दोन प्रश्न विचारावेत आणि बधिरतेची चाचणी करावी, एवढेच अपेक्षित आहे. त्याला यंत्र लागत नाही. संशय आल्यावर मात्र यंत्र रात्रीही चालू हवे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी २०२३ साली आखलेल्या कार्यपद्धतीत अशा रुग्णाचे एमआरआय मागणीपासून चार तासांच्या आत व्हावे, असे घालून दिले आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयांसाठीही अशी कालमर्यादा ठरवता येईल. जेथे यंत्र नाही तेथून रुग्णाला तातडीने कोठे हलवायचे, हे आधीच निश्चित करता येईल.

विलंबाचा खर्च जोवर तो टाळू न शकणाऱ्या रुग्णाच्याच माथी पडतो, तोवर तो टाळण्यासाठी पैसा खर्च करण्याची निकड कोणालाही वाटणार नाही. भरपाईने गेलेली संवेदना परत येत नाही. पण ती योग्य ठिकाणाहून वसूल झाली, तर पुढच्या रुग्णाची संवेदना वाचू शकते.