कुर्बानीचा बोकड : चारा आणि खुराक

आमच्या मुकुटबनकडे अनेक बांधव हिवाळ्यात बोकड घेऊन बकरी ईदपर्यंत घरी पोसतात. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 2025 साली ती 7 जूनला झाली. म्हणजे आता पोसण्याचे शेवटचे महिने ऐन उन्हाळ्याचे असतात आणि हिरवा चारा मिळत नाही. म्हणून चाऱ्याची सोय आधीच करावी.

तुरीची मळणी झाली की कुटार घेऊन कोरड्या जागी भरून ठेवावे. त्यात पाला आणि शेंगांची टरफले असतात, त्यामुळे गव्हांड्यापेक्षा ते बोकडाला अधिक मानवते. तीस किलोच्या बोकडाला रोज साधारण एक किलो कुटार, थोडा बोर-सुबाभळीचा पाला आणि 200 ते 250 ग्रॅम खुराक पुरे. बुरशी लागलेला चारा देऊ नये. स्वच्छ पाणी सतत समोर असावे.

खरा तोटा शेवटी होतो. वजन वाढावे म्हणून काही जण एकदम गहू, मका, शिळ्या रोट्या चारतात. पोटात आम्ल होते, पोट फुगते आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावते. रोज फार दाणा दिल्यास बोकडाला मूतखडा होऊन लघवी अडते. खुराक वाढवायचाच तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवावा. आंत्रविषाराची लसही वेळेवर टोचून घ्यावी.

उघड आजारी जनावराची कुर्बानी होत नाही. रक्कमही जाते आणि नियतही अपुरी राहते.