कट्यारीचा दाखला तिच्या अंगावर

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयात मुलांना घेऊन गेलात, तर जुन्या शस्त्रांवरची नक्षी पाहून पुढे सरकू नका. मी मुलांना आधी मुठीजवळचा जोड पाहायला सांगतो.

कट्यारीची ढोबळ घडण ठरलेली. दोन उभ्या पट्ट्या, मध्ये धरायला आडव्या दांड्या आणि मुठीच्या रेषेत सरळ पाते. त्यामुळे वार करताना अख्ख्या हाताचा जोर पाठीशी राहतो. तरीही हुबेहूब सारख्या दोन कट्यारी क्वचितच सापडतील. कुठे चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी टोक मुद्दाम जाड ठेवलेले, कुठे पाते व मूठ एकजीव, तर कुठे पाते रिव्हेटांनी बसवलेले. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातून आलेल्या फिरंगी तलवारींची पाती, मोडली तरी, आपल्या कारागिरांनी फेकली नाहीत. त्यांच्या कट्यारी केल्या!

म्हणूनच ‘जोड दिसतो, म्हणजे माल नकली’ हा बाजारातला निवाडा मला पटत नाही. पुष्कळदा तो जोडच अस्सलपणाची खूण असतो.

पण हा दाखला पुसणारे हात घरचेच असतात. दसऱ्याला माळ्यावरची कट्यार विटकरीच्या भुकटीने किंवा पॉलिश कागदाने घासली जाते. पोलादावरचे पाण्यासारखे तरंग दिसेनासे होतात, लोखंडात ठोकलेली सोन्याची तार निघते, रिव्हेटांच्या कडा झिजतात. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिला कोरडे मऊ फडके आणि तेलाचा हलका हात पुरे. लखलखाट नसला, तरी पूजेत काही उणे पडत नाही.