कार्टूनमधला सुमो आणि आपल्या घरातली मुलगी

आज बचत, कर्ज, हप्ते सगळं बाजूला ठेवून आम्ही कार्टूनबद्दल बोलणार आहोत. नाक मुरडू नका. सुट्टीत पोरं किती वेळ टीव्ही आणि मोबाईलपुढे बसतात, ते तुम्हीच आम्हाला दर बैठकीत सांगता.

'सुमो' म्हटलं की आपल्याला आधी गाडी आठवते, पंधरा वऱ्हाडी कोंबून लग्नाला नेणारी. तिचं नाव टाटा कंपनीतले सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं जोडून ठेवलेलं आहे. जपानी पैलवानांशी तिचा संबंध नाही. पण घरातल्या पोराला विचारा, तो गाल फुगवून, पोट पुढे काढून डुलत चालून दाखवेल. हे त्याने कार्टूनमध्ये पाहिलेलं असतं. तिथला सुमो चालला की जमीन हादरते, बसला की बाक मोडतो. पोरं खदखदून हसतात, आणि आपणही स्वयंपाक करता करता हसतो.

सगळी कार्टून तेवढ्यावरच थांबतात असं नाही. अमेरिकेत भाज्यांना पात्रं करून 'व्हेजीटेल्स' नावाची मालिका काढली. तिने 2004 साली सुमो कुस्तीवर एक विनोदी गोष्ट केली. या भाज्यांना हातच नाहीत, तरी कुस्ती! गोष्टीत सांगितलंय ते इतकंच, की नुसती मस्करी करणाऱ्याने हाती घेतलेला सराव शेवटपर्यंत करावा. आपल्याकडचा 'छोटा भीम' 2008 पासून पोगोवर लागतो. तो लाडू खातो आणि लगेच ताकद येते. अंगाने थोराड असलेला कालिया मात्र नेहमी हरतो आणि हसण्याचा विषय होतो. (ते लाडू वळणारी टुनटुन मावशी कोणाच्या लक्षात राहते? लाडूचा धंदा करणाऱ्या गटांनी हा प्रश्न जरूर विचारावा.)

आता खरा सुमो कसा असतो ते ऐका, म्हणजे पोरांनाही सांगता येईल. मातीच्या ओट्यावर साडेचार मीटर व्यासाचं गोल रिंगण असतं. जो रिंगणाबाहेर गेला, किंवा ज्याच्या तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला, तो हरला. आपल्याकडे दोन्ही खांदे टेकवून चितपट करावं लागतं, तिथे नुसता गुडघा टेकला तरी खेळ संपतो. बहुतेक कुस्त्या काही सेकंदांतच आटोपतात. आधी मीठ उधळून जागा शुद्ध करतात, जसं आपल्याकडे हौदाच्या पाया पडतात. पैलवान पहाटे उपाशीपोटी सराव करतात. पाय उंच उचलून आपटण्याचा व्यायाम शेकडो वेळा करतात. मग भाज्या, मासे, कोंबडी घातलेलं पातळ कालवण आणि भात पोटभर खाऊन झोपतात. त्या जाड दिसणाऱ्या अंगाखाली स्नायू असतात. कार्टूनमध्ये पोट दिसतं, ती पहाट दिसत नाही.

हे सगळं आम्ही का सांगतोय? आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी सातवीत आहे. अंगाने भरलेली, हसरी. वर्गातल्या मुलांनी तिचं नाव 'सुमो' ठेवलं. आधी ती हसण्यावारी न्यायची. मग डबा तसाच परत यायला लागला. रात्री 'भूक नाही' म्हणून भाकरी बाजूला सारायची. एक दिवस प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली, तेव्हा आईला कळलं. ताई म्हणाल्या, "आम्हीच घरात कौतुकाने तिला सुमो म्हणत होतो, बाहेरच्यांना काय बोलू?" बैठकीत त्यावर कोणी काही बोललं नाही.

वाढीच्या वयात उपाशी राहणं मुलींना महागात पडतं. पाळी सुरू झालेली असते, रक्त आधीच कमी असतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, मग ती गोळीही बंद होते. वजन खरोखर जास्त वाटत असेल तर आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रात उंची आणि वजन दोन्ही मोजून घ्या. डोळ्यांनी अंदाज करू नका. दादरची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, आपलीच केळी, हे बंद करायचं नाही. पाकिटातले कुरकुरे आणि रंगीत थंड पेय बंद करा, आणि ते घरातल्या सगळ्यांचंच करा.

आणि त्या अंगात ताकद असेल तर ती वापरायला जागा द्या. खान्देशात कुस्ती काही परकी नाही. यात्रेत रेवड्यांवर लहान पोरांच्या जोडी लावतात, ते आपण पाहत आलो. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असे लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. साक्षी मलिकने 2016 च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. कुस्तीत वजनाचे गट असतात. भरल्या अंगाच्या मुलीला तिच्याच वजनाची जोड मिळते, तिथे कोणी तिला हसत नाही.

जपानमध्ये मात्र व्यावसायिक सुमोच्या रिंगणात बाईने पाय ठेवायचा नाही असा रिवाज आहे. 2018 साली माइझुरू शहरात भाषण करताना महापौर रिंगणातच कोसळले. बायका धावत वर गेल्या आणि त्यांना प्रथमोपचार देऊ लागल्या, तर लाऊडस्पीकरवरून त्यांनाच खाली उतरायला सांगितलं गेलं. नंतर सुमो संघटनेच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. हौशी सुमोत मात्र बायकांच्या जागतिक स्पर्धा होतात.

आपल्याकडेही काही तालमींत मुलींना आत घेत नाहीत. म्हणून सरळ तालमीत जाण्याआधी शाळेच्या क्रीडा शिक्षकांना भेटा. शालेय कुस्ती स्पर्धेत मुलींचे गट असतात, ते तालुका आणि जिल्हा पातळीवर कधी आहेत ते विचारा. सराव कोण घेणार, तिथे दुसऱ्या मुली आहेत का, वेळ कोणती, हेही विचारा. आई म्हणून हे विचारायला लाजू नका. एकटीला जमत नसेल तर गटातल्या तिघी-चौघी मिळून जा. आणि घरात पोरं खाटेवरून एकमेकांवर उड्या मारून 'सुमो सुमो' खेळत असतील, तर ते आधी थांबवा. मान मुरगळली तर लाडू खाऊन बरी होत नाही.

त्या ताईंच्या घरी आता मुलीला तिच्या नावानेच हाक मारतात. डबा रिकामा येतो. कुस्तीला जायचं की नाही, ते तिचं अजून ठरलेलं नाही. सध्या ती गोळाफेक करते.