रेणूंच्या साखळ्या : लेखांक ६ – पाण्याशी वैर

पेणहून निघून नागोठणं मागे टाकलं की वाकण-रोहा रस्त्यावर आमडोशी लागतं. सुप्रीम पेट्रोकेमचा पॉलिस्टायरीनचा कारखाना इथलाच. २०१८ च्या बंदीपर्यंत गणपतीची मखरं ज्या थर्माकोलची व्हायची, तेही पॉलिस्टायरीनच.

उद्योगात हे बहुलक सहसा मुक्तमूलकांच्या मार्गाने बनतं. साखळी सुरू होते, क्षणात वाढते, दुसऱ्या मूलकाला भिडून संपते. तोवर शेजारी नवी सुरू झालेली असते. त्यामुळे कुणी आखूड, कुणी लांबलचक. डबे आणि तक्ते करायला ही तफावत चालते. साखळीची लांबी आणि गुणधर्म यांचं नातं तपासणाऱ्याला मात्र ती चालत नाही.

त्याच्यासाठी ॲनायनिक पद्धत आहे. इथे साखळीच्या टोकाला ऋण प्रभार असतो. दोन ऋण टोकं एकमेकांना दूर लोटतात, म्हणून आपसांत भिडून संपण्याचा प्रश्नच नाही. सगळी पंगत एकदम बसते, वाढलेलं सगळ्यांना सारखं मिळतं आणि वाढप थांबलं तरी पानावरून कुणी उठत नाही. नंतर ब्युटाडाईन वाढलं, तर त्याच साखळीला रबराचा तुकडा जोडला जातो. साखळ्यांची टोकं अशी शाबूत राहतात, हे मायकेल श्वार्क यांनी १९५६ मध्ये दाखवलं आणि या साखळ्यांना ‘जिवंत’ म्हटलं. साखळ्या सुरू करणारं, म्हणजे आरंभक असलेलं, सोडियम नॅफ्थलीनचं हिरवं द्रावण स्टायरीन पडताच लाल होतं. तो लाल रंग जिवंत टोकांचा.

ब्युटिललिथियम हा आरंभक धरला, तर हिशेब सरळ आहे: स्टायरीनचे ग्रॅम भागिले आरंभकाचे मोल म्हणजे साखळीचा रेणुभार. १० ग्रॅम स्टायरीनपासून १,००,००० रेणुभाराच्या साखळ्या हव्या असतील, तर ब्युटिललिथियम लागतं अवघं ०.१ मिलिमोल. ते मारायला १.८ मिलिग्रॅम पाणी पुरे. जुलैतल्या रोह्याची हवा ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची धरा. एका लिटरमध्ये साधारण २७ मिलिग्रॅम बाष्प असतं. म्हणजे ७० मिलिलिटर हवा आत शिरली की खेळ खलास. त्याच्या निम्मीच शिरली तर माझ्या मते जास्त वाईट! अर्धा आरंभक मरतो, उरलेल्या साखळ्या दुप्पट लांब होतात, रंग थोडा फिका पडतो इतकंच, आणि बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं.

म्हणून हे काम रसायनाइतकंच काचेचं आहे. काचेचं अख्खं उपकरण फुंकून जोडायचं, निर्वात पंपावर चढवून ज्योतीने तापवायचं. स्टायरीन आधी कॅल्शियम हायड्राइडवर, मग डायब्युटिलमॅग्नेशियमवर सुकवून ऊर्ध्वपातनाने कुपीत घ्यायचं आणि कुपी वितळवून बंद करायची. कुपीच्या मुखाशी काचेचा पातळ पडदा असतो. वेळ आली की आतली लोखंडी हातोडी बाहेरून चुंबकाने उचलून त्यावर सोडायची. त्याआधी आरंभकाच्याच द्रावणाने भांडं आतून विसळायचं आणि ते विसळण एका फुग्यात गोळा करून फुगा ज्योतीने तोडून टाकायचा. उघडझाप करायचा नळ कुठेच नाही, कारण नळाला लावलेलं ग्रीससुद्धा इथे शत्रू. शेवटी हवा काढलेलं मिथेनॉल घातलं की रंग जातो, साखळ्या संपतात.

ॲक्रिलिकचं एकक, मिथाइल मेथाक्रिलेट, स्टायरीनहून अधिक खोडकर. त्याच्या कार्बोनिल गटावर ऋण टोक भलतीकडेच हल्ला करतं, म्हणून सहसा उणे ७८ अंशांपर्यंत थंड करून काम करावं लागतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डी. बास्करन आणि एस. शिवराम यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की लिथियम परक्लोरेट हा साधा क्षार घातला तर ते टोक बरंच ताळ्यावर येतं.