विश्लेषण : जर्मनीत सत्रासाठी पोहोचल्यावर पत्त्याची नोंदणी आधी का?

जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते. एका सत्रासाठी तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांची पहिली परीक्षा मात्र वर्गात नव्हे, नागरिक कार्यालयात होते.

नियम काय?
घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजेच ‘आनमेल्डुंग’, बंधनकारक आहे. त्यासाठी पासपोर्टबरोबर घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. नुसता भाडेकरार पुरत नाही.

अडते कुठे?
व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड’ खात्यात ठेवलेले पैसे सहसा दरमहा ९९२ युरो याप्रमाणे मिळतात. ते जमा होण्यासाठी चालू खाते हवे आणि अनेक बँका ते उघडताना नोंदणीचा दाखला मागतात. बर्लिनसारख्या शहरात नोंदणीची अपॉइंटमेंट मिळण्यातच कित्येकदा काही आठवडे जातात. तोवर स्वतःचे पैसे असूनही हात रिकामे!

तयारी कोणती?
खोली ठरवतानाच प्रमाणपत्र मिळेल का, हे विचारावे. अपॉइंटमेंट शक्यतो भारतातूनच ऑनलाइन घ्यावी. पहिल्या महिन्याचा खर्च आणि घराची अनामत वेगळी ठेवावी. पोहोचताच पत्रपेटीवर आपले नाव लावावे. नाव नसेल तर बँकेचे कार्डही परत जाऊ शकते.